आधी पगार की आधी मैदान?

रमाकांत आचरेकर १९३२ साली मालवणात जन्मले. प्रथम श्रेणीचा सामना ते उभ्या आयुष्यात एकच खेळले, साठच्या दशकात, स्टेट बँकेच्या संघाकडून, मोईन-उद-दौला स्पर्धेत. भारताकडून खेळणं दूरच, मुंबईकडून रणजीही त्यांच्या वाट्याला आली नाही. तरी २ जानेवारी २०१९ला सर गेले, तेव्हा तिरडीला खांदा द्यायला सचिन तेंडुलकर होता. खेळाडू म्हणून एक सामना आणि प्रशिक्षक म्हणून द्रोणाचार्य, पद्मश्री. ही कारकीर्द नेमकी कशावर उभी राहिली, यावर आमच्या घरात एक वाद झाला. तो लिहून ठेवावासा वाटला, कारण तो आमच्या घरापुरता नाही.

आमचं घर वैभववाडीला. मुंबईकर आम्हाला सरसकट मालवणकडचे म्हणतात, पण समुद्र इथून लांब. पाठीला सह्याद्री, करूळचा आणि भुईबावड्याचा घाट, आणि पावसाळ्यात चार महिने न थांबणारा पाऊस. वाद घालणारे दोघे म्हणजे माझे मामा आणि माझी धाकटी बहीण. मामा हायस्कूलमधून क्रीडाशिक्षक म्हणून निवृत्त झाले; खो-खो आणि कबड्डीच्या मुलांच्या कितीतरी तुकड्या त्यांच्या हाताखालून गेल्या. बहीण बास्केटबॉल खेळली, बी.पी.एड. झाली, एनआयएसचा सहा आठवड्यांचा कोर्स केला आणि आता घाटावरच्या एका कॉलेजात मुलींच्या बास्केटबॉल संघाची मुख्य प्रशिक्षक आहे. मानधनावर. तेही हंगामापुरतं. गणपतीला ती घरी आली ती तलाठी भरतीची पुस्तकं पिशवीत घेऊनच.

मामांनी पुस्तकं पाहिली आणि म्हणाले, "कोचिंग सोडतंस की काय गो?"

"सोडत नाही मामा. पण घर त्यावर चालणार नाही. स्पर्धा असेल तर पैसे, नसेल तर नाही. मार्च उलटला की मी कोणाची कोच नसते."

"आचरेकर सरांना कोणी कोचिंगचा पगार दिला होता? माणूस बँकेत नोकरी करायचा आणि सकाळ-संध्याकाळ शिवाजी पार्कवर उभा असायचा. पोरांना स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेलं त्याने. शारदाश्रममध्ये येण्याआधी दयानंद बालक विद्यालयाची पोरं घडवली. रामनाथ पारकर, बलविंदर संधू, चंद्रकांत पंडित, लालचंद राजपूत, प्रवीण आमरे, कांबळी, सचिन, आगरकर. पहिल्या पोराला शिकवताना पुढे पद्मश्री मिळेल असं त्याला ठाऊक होतं का? आधी मैदानावर उभं राहायचं असतं. बाकीचं मागून येतं."

"आलं तर येतं."

"ज्याला यायचं त्याला येतंच."

"मामा, तुम्ही जे सांगताय त्यातच माझं उत्तर आहे. सर बँकेत नोकरी करत होते. स्टेट बँकेत. महिन्याच्या महिन्याला पगार, पुढे पेन्शन, आणि बँकेचा स्वतःचा क्रिकेट संघ. त्या काळी मुंबईत बँका, गिरण्या, पोर्ट ट्रस्ट, रेल्वे खेळाडूंना नोकऱ्या द्यायच्या. सरांनी पोरांकडून पैशाची अपेक्षा ठेवली नाही हे खरं, पण त्यांच्या घरी चूल कोणाच्या भरवशावर पेटत होती? बँकेच्या. मला तशी एक बँक दाखवा. उद्या सकाळी साडेपाचला मैदानावर उभी राहते."

मामा यावर लगेच काही बोलले नाहीत. मलाही वाटतं, आचरेकरांची गोष्ट सांगताना आपण ही नोकरी नेहमी गाळतो. त्यागाची गोष्ट ऐकायला बरी वाटते, पगारपत्रकाची नाही. पण मुंबईचं क्रिकेट ज्या काळात सगळ्या देशाला भारी होतं, त्या काळात त्याच्याखाली नोकऱ्यांचा भक्कम पाया होता. टाइम्स शील्डमध्ये खेळणारी माणसं सकाळी मैदानावर असायची आणि हजेरी कचेरीत लागायची. सर त्याच व्यवस्थेतले.

मामांनी मग वेगळी बाजू धरली.

"बरं, नोकरी होती. मान्य. पण त्या बँकेत तेव्हा हजारो माणसं होती. त्यांतली किती जणं सुटल्यावर मैदानावर गेली? मलाही पगार होता, पेन्शन आहे. माझ्याबरोबरीच्या दहा शिक्षकांनाही तेच होतं. रविवारी मैदानावर मी असायचो आणि माझी पोरं. पगाराने माणूस शाळेत येतो. रविवारी येत नाही."

हे मला पटलं. बहिणीलाही पटलं असावं, कारण ती म्हणाली, "ते मी नाकारत नाही. पण रविवारी येणारा माणूस सोमवारी उपाशी नसला पाहिजे, एवढंच म्हणते."

मग तिने पॅट समिटचं नाव काढलं. मामांना हे नाव ठाऊक नव्हतं, तेव्हा तिने जरा बैठक मारून सांगितलं. अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची ही बाई १९७४ साली मुख्य प्रशिक्षक झाली, तेव्हा वय २२. संघातल्या काही मुली तिच्याहून जेमतेम वर्षाने लहान. महिन्याला अडीचशे डॉलर. संघाची गाडी तीच चालवायची. मुलींचे गणवेश तीच धुवायची, आणि ते गणवेशही आदल्या वर्षी डोनट विकून जमवलेल्या पैशांतले. २०१२ साली अल्झायमरमुळे थांबली तेव्हा नावावर १०९८ विजय आणि आठ राष्ट्रीय विजेतेपदं होती.

"मग झालंच की!" मामा म्हणाले. "कपडे धुऊनच झाली ना मोठी? माझंच म्हणणं तू सांगतेस."

"पुढचं ऐका. तिला पद मिळण्याआधी दोनच वर्षं, १९७२ साली, अमेरिकेत टायटल नाइन नावाचा कायदा झाला होता. सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही शाळा-कॉलेजाने मुलगा-मुलगी असा भेद करायचा नाही. खेळातसुद्धा. मुलग्यांना शिष्यवृत्ती, प्रवासखर्च, प्रशिक्षक देताय, तर मुलींनाही द्या. तो कायदा हळूहळू लागू होत गेला तसा मुलींच्या संघांना पैसा आला, शिष्यवृत्त्या आल्या, प्रशिक्षकांना पूर्ण पगार आला. तो आला नसता तर ती बाई वीस वर्षांनीही कपडेच धूत राहिली असती, आणि तिचं नाव मला कळलंही नसतं. तशा किती जणी तिच्याआधी होऊन गेल्या असतील. मुख्य म्हणजे तिच्याकडे चार वर्षं पूर्ण खेळलेली प्रत्येक मुलगी पदवी घेऊन बाहेर पडली. प्रत्येक. हे एकटीच्या निष्ठेवर होत नाही. त्याला कॉलेज मागे उभं लागतं."

या ठिकाणी मला वाटलं, वाद संपला. पण मामांच्या हाती अजून एक पान होतं, आणि ते या सगळ्या बोलण्यातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं.

"त्या अमेरिकेत आता काय चाललंय ते तूच मला मागे सांगितलंस. कितीतरी राज्यांत सगळ्यांत जास्त पगार घेणारा सरकारी माणूस म्हणजे कुठल्यातरी कॉलेजचा फुटबॉलचा नाहीतर बास्केटबॉलचा कोच. राज्यपालाहून जास्त! आणि दोन हंगाम हरला की घरी. तुझा हा खेळ ज्याने काढला, तो कोण गो?"

"नेस्मिथ. डॉ. जेम्स नेस्मिथ. १८९१च्या डिसेंबरात, स्प्रिंगफील्डला. थंडीत पोरांना आत खेळवायला पीचच्या टोपल्या टांगल्या."

"तो पुढे कोच झाला ना? किती जिंकला?"

"कॅन्ससला होता. ५५ जिंकला, ६० हरला. त्या विद्यापीठाचा जिंकल्यापेक्षा जास्त हरलेला तो एकच कोच."

"म्हणजे ज्याने खेळ काढला त्याला आज तुझ्या त्या कॉलेजने दुसऱ्याच वर्षी काढून टाकलं असतं. हेच मला सांगायचंय. पगार निकालाला बांधला की शिकवणं मेलं. आचरेकर सर अकरा वर्षांच्या पोराला घेऊन बसायचे ते कोणी त्यांच्या जिंकण्या-हरण्याचा हिशेब ठेवत नव्हतं म्हणून. सगळं मैदान बघतंय म्हणून पोरगं बिचकलं, तर सर झाडाआड जाऊन उभे राहिले आणि तिथून त्याची बॅटिंग पाहिली. एवढी सवड कोणाला असते? ज्याच्या डोक्यावर शनिवारची मॅच नसते त्याला."

सचिनची ही पहिली चाचणी ठाऊक असेल बऱ्याच जणांना. भाऊ अजितने सरांना विनवलं की तुम्ही समोर आहात म्हणून तो घाबरतोय, जरा लांबून बघा. सर गेले आणि लपून बघत राहिले. पोराला घेतलं. मामांनी याच गोष्टीतून काढलेला अर्थ मात्र मी आधी कुठे ऐकला नव्हता.

बहीण म्हणाली, "मग पगार शिकवण्याचा द्या, जिंकण्याचा नको. तुम्हाला जसा मिळत होता तसा. तुमची कबड्डीची टीम जिल्ह्याला हरली म्हणून कोणी तुमची वेतनवाढ थांबवली होती का? वर्षभर मैदान चालवण्याचा पगार. बस. आणि नेस्मिथ हरला म्हणता, तर त्याच्या हाताखाली फॉग ॲलन तयार झाला, त्याने त्याच कॅन्ससला ३९ हंगाम काढले. ॲलनच्या हाताखालून अ‍ॅडॉल्फ रप आणि डीन स्मिथ निघाले. एकाच्या नावावर ८७६ विजय, दुसऱ्याच्या ८७९. कोचची खरी मोजणी तिथे होते. त्याच्या खेळाडूंमधून कोच किती निघाले."

"मग तसे सरांचे मोज!" मामा उत्साहाने पुढे सरसावले. "२०२२ची रणजी फायनल आठवते? बंगळुरूला. मध्य प्रदेश आणि मुंबई. मध्य प्रदेशचा कोच चंद्रकांत पंडित, मुंबईचा कोच अमोल मुझुमदार. दोघंही सरांचे. पंडित त्याच मैदानावर १९९९ साली मध्य प्रदेशचा कॅप्टन म्हणून फायनल हरला होता. तिथेच कोच होऊन त्यांना पहिली रणजी जिंकून दिली. त्याच्याआधी मुंबईला दिली, विदर्भाला लागोपाठ दोनदा दिली. आमरेने मुंबईला दिल्या. राजपूत २००७च्या ट्वेन्टी-ट्वेन्टी वर्ल्ड कपच्या संघाबरोबर होता. आणि मुझुमदार..."

मुझुमदारचं नाव आलं की आमच्या घरी सगळेच जरा थांबतात. फेब्रुवारी १९८८, शालेय क्रिकेटच्या हॅरिस शील्डची उपांत्य फेरी, आझाद मैदान. शारदाश्रमकडून सचिन आणि विनोद कांबळी ६६४ धावांची भागीदारी करत होते. सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९. पुढचा फलंदाज पॅड बांधून बसलेला. तो अमोल मुझुमदार. त्याची पाळी आलीच नाही. पुढे रणजी पदार्पणात त्याने २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर गेला, आणि तरीही भारताची टोपी एकदाही मिळाली नाही. २ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला तेव्हा त्या संघाचा मुख्य प्रशिक्षक तो होता. एक सामना खेळलेल्या गुरूचा, देशाकडून एकही सामना न खेळलेला शिष्य. चांगला प्रशिक्षक होण्यासाठी मोठा खेळाडू असावं लागतं, असं म्हणणाऱ्यांना याहून चोख उत्तर मला माहीत नाही.

"आणि मामा, मुझुमदारला त्या कामाचा पगार होता," बहीण हळूच म्हणाली.

मामा हसले, पण हटले नाहीत. त्यांनी शिस्तीचा विषय काढला. सरांनी सचिनला कानाखाली मारलेली गोष्ट सगळ्यांना पाठ. सामना सोडून पोरगं वानखेडेवर शाळेच्या दुसऱ्या संघाची फायनल बघायला गेलं म्हणून. मामांचं म्हणणं, त्या एका थपडेने तो सुधारला. आता हात लावला तर पालक दारात येतात.

"यायलाच पाहिजेत," बहीण ताडकन म्हणाली. "मी मुलींना शिकवते. आईबाप सायंकाळी साडेसातपर्यंत मुलगी मैदानावर ठेवतात ती माझ्या भरवशावर. तिथे माझा हात उठला तर दुसऱ्या दिवशी निम्मा संघ येणार नाही, आणि बरोबरच आहे. सरांची थप्पड लक्षात राहिली, कारण ती सोपी. सरांचा रुपया अवघड होता, तो कोणी उचलत नाही."

रुपयाची गोष्ट अशी. सराव संपत आला, फलंदाज थकला, की सर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवत. जो बाद करेल त्याचा रुपया. कोणीच बाद करू शकलं नाही तर फलंदाजाचा. सचिनने अशी तेरा नाणी जमवली आणि जपून ठेवली. रुपयाची किंमत तिथे नाहीच. दिवसभर खेळून पाय जड झालेत, मन घरी पोचलंय, नेमक्या त्या वेळी सगळी मुलं तुझ्या मागे लागलीत. सामन्याच्या शेवटच्या तासाला जे होतं तेच सरावात उभं करायचं, असा तो डाव होता.

बहीण तेच बास्केटबॉलमध्ये करते. सरावाच्या शेवटी मुलींना मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळवते, आणि धाप लागलेली असतानाच एकीला फ्री थ्रोच्या रेषेवर उभी करते. रिंग ३.०५ मीटर उंच, रेषेपासून बोर्ड ४.६ मीटर. बाकीच्या दोन्ही बाजूंना उभ्या. बास्केट झाली तर सराव संपला. चुकली तर सगळ्यांनी पुन्हा पळायचं. तिने आम्हाला उठून दाखवलं: पहिल्यांदा मुलगी घाई करते, श्वास छातीत असतानाच चेंडू सोडते, चेंडू रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत येतो. कारण दमलेले पाय वाकत नाहीत आणि सगळा जोर हाताने लावला जातो. मग तिला सांगायचं, चेंडू दोनदा जमिनीवर आपट, श्वास सोड, गुडघे वाकव, मनगट शेवटी. आठवड्याभरात ती आपोआप थांबायला लागते. "हे पुस्तकात आहे," ती म्हणाली, "पण कुठल्या मुलीला कधी उभं करायचं ते पुस्तकात नाही. ते रोज बघून कळतं. आणि रोज बघायला मी तिथे रोज असायला हवी."

मामांनी विचारलं, "आणि आपल्या इथली पोरं? त्यांच्यासाठी कोण?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं एका शाळेच्या बास्केटबॉल कोर्टावर गेलो. सिमेंटच्या फरशीवर हिरवं शेवाळ, एका रिंगला जाळी नाही, दुसरी रिंग पुढे वाकलेली. कोणीतरी लटकून वाकवली असणार. बहिणीने चप्पल घासून पाहिली आणि म्हणाली, "इथे लेअप शिकवला तर पहिल्याच दिवशी पोरीचा गुडघा जाईल." उजवा पाय, डावा पाय, उडी; त्यातलं दुसरं पाऊल घसरलं की संपलं. मामांनी सांगितलं की पूर्वी पाऊस ओसरला की ते पोरांना घेऊन मैदान खरवडायचे, मग फक्की मारून रेषा आखायचे. आता क्रीडाशिक्षकाचं पद रिकामं आहे का, असं बहिणीने विचारलं. मामा म्हणाले, माणूस आहे, पण तो गणितही शिकवतो आणि निवडणुकीची कामंही त्याच्याकडेच.

तिथे उभं असताना ती म्हणाली, "मामा, आचरेकर सर मालवणातच राहिले असते तर?"

मामांना हा प्रश्न लागला. ते म्हणाले, "माका ता पटणा नाय. गुणी माणूस कुठेही वर येतो." पण आवाजात जोर नव्हता. शिवाजी पार्क, शंभर वर्षांहून जुनी हॅरिस आणि गाइल्स शील्ड, भर पावसात चालणारी कांगा लीग, नोकरी देणारी बँक, आणि एका दिवसात दोन-दोन सामने मिळतील एवढी मैदानं. यातलं एकही तेव्हा मालवणात नव्हतं. आजही वैभववाडीत नाही. आमच्या कोकणाने देशाला माणूस दिला, आणि त्याला घडायला जागा मुंबईने दिली. हे मान्य करण्यात सरांचा मान तसूभरही कमी होत नाही.

या वादात मी कोणाच्या बाजूचा, हे सांगून टाकतो. मामांचं म्हणणं खरं आहे की निष्ठा नसेल तर पगार घेऊन माणूस फक्त हजेरी लावतो. पण निष्ठा कोणी कोणाला देऊ शकत नाही. ती सरकारी आदेशाने येत नाही, देणगीनेही येत नाही. पगार देता येतो. म्हणून बोलायचं असेल तर पगाराबद्दल बोलावं, कारण आपल्या हातात तेवढंच आहे. आज खेळाडूला दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. ते चांगलंच आहे. पण ते सगळं खेळाडू तयार झाल्यावर. त्याला तयार करणाऱ्या माणसाने वर्षातले हंगामाबाहेरचे महिने काय खायचं, याचा विचार त्यात कुठेही नाही. माझी बहीण तलाठी होईल, आणि चांगली होईल. तिच्या हाताखालच्या मुलींना मात्र फ्री थ्रोच्या आधी श्वास सोडायला सांगणारं कोणी राहणार नाही.

आपल्याकडे जवळपास प्रत्येक गावाचं मुंबईत ग्रामस्थ मंडळ आहे. देवळाच्या जीर्णोद्धाराला, सभामंडपाला, भजनाच्या साहित्याला ही मंडळं मनापासून वर्गणी काढतात, आणि गणपतीत, शिमग्यात स्वतः येऊन कामं करतात. शाळेला टी-शर्टही देतात. त्यांना माझी विनंती आहे. चार-पाच गावांच्या मंडळांनी मिळून पुढची तीन वर्षं तालुक्यातल्या एका प्रशिक्षकाचा बारा महिन्यांचा पगार उचलावा. बास्केटबॉल असो, कबड्डी असो, खो-खो असो. अट एकच ठेवावी: रोज मैदानावर हजर राहायचं, आणि किती ढाली आणल्या हे तीन वर्षं कोणी विचारायचं नाही. माणूस शोधायची जबाबदारी मामांनी घेतली आहे. कोर्टावरचं शेवाळ दिवाळीआधी खरवडायचं, असंही त्यांनी ठरवलं आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी खराटा आणि फावडं घेऊन यावं.